महालक्ष्मीने मुंबईला जाताय? गेटवे-चौपाटी सोडून ही मुंबई पाहून या

कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममध्ये काशाची एक छोटी मूर्ती आहे. उंची वीतभरसुद्धा नाही. समोरून कितीतरी लोक न बघताच पुढे जातात. ही मूर्ती पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची. १९४० च्या दशकात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर उत्खनन झालं, तेव्हा ती सापडली. जिथून समुद्र दिसतही नाही अशा घाटावरच्या गावात समुद्रदेव आला कसा, तर व्यापारातून. सातवाहनांच्या काळात पश्चिम समुद्राच्या मालाला सोपारा, कल्याण ही बंदरं होती आणि तिथला माल घाट चढून वर यायचा. म्हणजे कोल्हापूर आणि त्या किनाऱ्याचं जाणं-येणं दोन हजार वर्षांचं आहे.

आज आपलं मुंबईला जाणं मात्र ठरलेलं असतं. मंत्रालयातलं काम, परळच्या हॉस्पिटलातला पेशंट, नाहीतर डोंबिवलीच्या पाहुण्यांकडचं लग्न. हायकोर्टाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात सुरू झालं, त्यामुळे कोर्टाच्या फेऱ्या तेवढ्या कमी झाल्या. कामातून वेळ उरला की गेटवे, सिद्धिविनायक, चौपाटीवरची भेळ आणि परत गाडी. पाहायला त्याच्या पलीकडची मुंबई जास्त चांगली आहे. ती फुकट किंवा जवळजवळ फुकट आहे आणि बऱ्याच ठिकाणी कोल्हापूरशी तिचं नातंही निघतं.

आधी हे ठरवा, मग जागा ठरवा

इंटरनेटवरच्या याद्यांची गफलत अशी की त्यात वरळीच्या खाली बोरिवली आणि बोरिवलीच्या खाली कुलाबा लिहिलेला असतो. त्या क्रमाने फिरलात तर दिवस लोकलमध्येच संपेल. मुंबई मुळात सात बेटांची. १६६१ च्या लग्नाच्या करारात पोर्तुगीजांनी ती इंग्लंडच्या राजाला आंदण दिली आणि पुढची दीडेकशे वर्षं भर घालून, बांध घालून ती एकमेकांना जोडत गेली. त्यामुळे शहर रुंद नाही, दक्षिणोत्तर लांब आहे, आणि रेल्वेही तशीच धावते. दिवसाला एक लाइन धरायची, हा पहिला नियम. वेस्टर्न धरली तर तो दिवस वेस्टर्नवरच, हार्बर धरली तर हार्बरवरच.

दुसरी गोष्ट वार. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आणि त्यातली कान्हेरी लेणी सोमवारी बंद असतात. पेडर रोडचं सिनेमा म्युझियमही सोमवारी बंद. भायखळ्याची राणीची बाग आणि तिथलं भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद. रविवारी दुपारी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो, तेव्हा गाड्या कमी आणि गर्दी भरपूर. म्हणून बुधवारी रात्री कोल्हापुरातून निघून गुरुवार-शुक्रवार फिरणं सगळ्यात सोयीचं. शनिवार लागला तरी चालेल, रविवारी परतीची गाडी धरा. दुरुस्तीसाठी एखादं संग्रहालय मध्येच महिनोन्‌महिने बंद ठेवतात, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी एकदा चौकशी केलेली बरी.

तिसरी गोष्ट आपल्याकडच्या माणसाच्या ध्यानातच येत नाही. भरती-ओहोटी. रंकाळ्याचं पाणी सकाळी जिथं असतं तिथंच संध्याकाळी असतं, समुद्राचं तसं नाही. शिवडीला चिखल दिसणार की पाणी, हाजी अलीची वाट उघडी असणार की बुडालेली, खाडीतली बोट सुटणार की नाही, सगळं यावर. मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक मिळतं, पण कोळ्यांचा आणि कोकणातल्या माणसांचा हिशेब त्याहून सोपा आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा आणि तिची पाऊणपट करा, भरतीचा तास मिळतो. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमारास. एकादशी असेल तर सव्वा आठ. अष्टमीला सहा. शुक्ल पक्ष असो की वद्य, हिशेब तोच आणि दिवसालाही तोच, रात्रीलाही तोच. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण फिरायला जाणाऱ्याला एवढं पुष्कळ. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा फरक कमी.

हवामानाचं थोडक्यात सांगतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मार्चनंतर दमट हवेने जीव नकोसा होतो. आपल्याकडचं ऊन कोरडं असतं, तिथलं अंगाला चिकटतं. पावसाळ्यात कान्हेरी सुंदर दिसते, बाकीच्या जागांसाठी मात्र पावसात जाऊ नका.

गाडी, सामान, लोकल

महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री कोल्हापुरातून निघते आणि सकाळी सात-साडेसातच्या सुमारास मुंबईत सोडते. एक रात्र झोपेत जाते आणि दिवस हातात राहतो, म्हणून हीच गाडी घ्या. कोयना दिवसाची आहे, तिच्यात प्रवासातच दिवस मोडतो. ट्रॅव्हल्सने गेलात तर त्या वाशी, चेंबूर, सायन असं सोडत जातात. ज्यांना नवी मुंबईकडची खाडी बघायची आहे त्यांना ते सोयीचं.

महालक्ष्मीने आलात तर शेवटपर्यंत जायची गरज नाही, दादरला उतरा. मध्य आणि पश्चिम दोन्ही लाइन तिथं भेटतात. एक बदल लक्षात ठेवा. डिसेंबर २०२३ पासून दादरचे प्लॅटफॉर्म सलग १ ते १४ आहेत. १ ते ७ पश्चिम रेल्वे, ८ ते १४ मध्य रेल्वे. जुन्या माणसाला फोनवर विचारलंत तर तो जुने नंबर सांगेल आणि तुम्ही पुलावर उभे राहाल.

मुक्काम पाहुण्यांकडे असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर दादरच्या आसपास खोली बघा. थोडी महाग पडते, पण रोजचे दोन तास वाचतात. सीएसएमटीला सामान ठेवायची क्लोक रूम आहे. बॅगेला कुलूप लागतं, नसेल तर घेत नाहीत.

लोकलचं गणित एका ओळीत सांगता येतं: सकाळी सगळी मुंबई दक्षिणेकडे जाते, संध्याकाळी उत्तरेकडे परतते. तुम्ही उलटं जा. सकाळी दादरवरून बोरिवलीला जाणाऱ्या गाडीत बसायला जागा मिळते, त्याच वेळी समोरच्या गाडीला माणसं लटकलेली असतात. या एका कारणासाठी पहिला दिवस उत्तरेला ठेवायचा. फास्ट गाडी चर्नी रोड, ग्रँट रोडसारख्या स्टेशनांवर थांबत नाही, तिथं जायला स्लो लागते. आणि संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये मधल्या स्टेशनसाठी चढायचं धाडस करू नका. उतरू देणार नाहीत असं नाही, पण उतरता येणार नाही. रेल्वेचं एक, तीन आणि पाच दिवसांचं टुरिस्ट तिकीट असतं. दोन-तीन दिवस सलग फिरणार असाल तर ते घ्या, खिडकीवरच्या रांगा टळतात.

पहिला दिवस: दगड

दादरवरून बोरिवली. पूर्वेला उतरून दहा-पंधरा मिनिटं चाललं की राष्ट्रीय उद्यानाचं गेट. कान्हेरी तिथून सहा-सात किलोमीटर आत आहे. चालत जायच्या भानगडीत पडू नका, आत बस आहे, भाड्याने सायकलीही मिळतात. उद्यानाचं तिकीट वेगळं, लेण्यांचं वेगळं. पहिल्या बसने गेलात तर तासभर तरी लेणी जवळजवळ तुमचीच.

शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनाच्या सुरुवातीच्या आसपास काम सुरू झालं आणि हजारेक वर्षं इथं भिक्षू राहिले. सगळी बघायच्या नादात दमछाक होते आणि शेवटी एकही नीट बघून होत नाही. मी पाहुण्यांना तीनच गोष्टी दाखवतो. लेणं क्रमांक ३ हा चैत्य, त्याच्या व्हरांड्यात दोन टोकांना दोन उंचच उंच बुद्धमूर्ती आहेत. क्रमांक ११, ज्याला दरबार म्हणतात, आत दगडाचे दोन लांब बाक आहेत. आणि तिसरं म्हणजे पाणी. हे लोक चुकवतात. जवळजवळ प्रत्येक लेण्याला स्वतःची पोढी आहे, खडकात कोरलेलं टाकं. दर्शनी भागावर बारीक पन्हळी कोरल्या आहेत, वरच्या उतारावरचं पाणी त्यातून टाक्यात उतरतं. बसून एका पन्हळीचा माग काढा. वर कुठून येते, कुठं वळते, मध्ये गाळ बसायला खळगा कसा आहे. शाहू महाराजांनी बांधलेल्या राधानगरीच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला हे बघून बरं वाटतं.

भिंतींवर ब्राह्मी लेख आहेत. कल्याणचा अमुक, सोपाऱ्याचा तमुक, अशा व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांची नोंद त्यात आहे. टाउन हॉलमधला पोसायडन ज्या बाजारातून आला, त्याच बाजाराचा पैसा इथल्या दगडात आहे. जोतिबाच्या वाटेवरची पोहाळ्याची लेणी तुम्ही पाहिली असतील तर दोन्ही डोळ्यांसमोर ठेवा. पोहाळे एका कुटुंबाचं घर असेल तर कान्हेरी हे भरलेलं गाव आहे.

पाणी आणि खाणं गेटवरूनच घ्या. माकडं आहेत, पिशवी हातात ठेवू नका, पाठीवर टाका.

दुपारी बोरिवली पश्चिमेला या आणि रिक्षाने मंडपेश्वर. मेट्रो २अ चं मंडपेश्वर स्टेशनही आहे. लेणं छोटं, पण एवढा इतिहास एका दगडावर मी दुसरीकडे पाहिलेला नाही. सहाव्या ते आठव्या शतकातलं शैव लेणं, आत नटराजाचा पट. पुढे पोर्तुगीज आले, त्यांनी वर चर्च आणि मठ बांधला, खालच्या लेण्याचाही वापर केला. एका ठिकाणी मूर्ती तासून मोठा क्रूस कोरला आहे. वरच्या इमारतीच्या भिंती पडक्या, खाली महादेवाची पूजा चालू, आणि पुढच्या पटांगणात पोरांचं क्रिकेट. तिकीट नाही. अर्धा तास पुरतो.

परतताना अंधेरीला उतरा, गिल्बर्ट हिलसाठी. पश्चिमेला रिक्षावाल्याला नाव सांगितलं की तो नेतो. इमारतींच्या गराड्यात सुमारे दोनशे फूट उंच काळ्या बसाल्टचा उभा कडा आहे, खांबांची जुडी उभी केल्यासारखा. वय सुमारे ६.६ कोटी वर्षं. लाव्हा थंड होताना आकसला, त्याला उभ्या भेगा पडल्या आणि असे खांब तयार झाले. आपल्या पन्हाळा तालुक्यात बांदिवड्याला असेच दगडी खांब आहेत, म्हणजे ही सह्याद्रीचीच भावकी. वर गावदेवीचं मंदिर आहे, खडकातल्या पायऱ्या चढून जाता येतं. पायथ्याशी वस्ती अगदी चिकटून आहे आणि जागेची रया गेलेली आहे, हे आधीच सांगून ठेवतो. पण ऊन उतरताना वरून जी मुंबई दिसते त्यासाठी जावंच.

दिवसभर डोंगर आणि लेणी नको असतील तर कान्हेरी करून अंधेरीलाच या, मंडपेश्वर सोडा. लहान मुलं बरोबर असतील तर असंच करा.

दुसरा दिवस: बाणगंगा ते खेतवाडी

हा दिवस चालायचा. दादरवरून स्लो गाडीने ग्रँट रोड, तिथून टॅक्सी किंवा बसने वाळकेश्वर. सकाळी साडेसात-आठच्या आत पोहोचा.

मलबार हिलच्या उंच इमारतींच्या मागे दोन गल्ल्या उतरलं की एकदम बाणगंगा समोर येते. आयताकृती तलाव, चारी बाजूंनी पायऱ्या, दीपमाळा, कडेला देवळं, धर्मशाळा, मठ. पंचगंगेच्या घाटावर वाढलेल्याला ओळख करून द्यायला नको. पायऱ्यांवर कुणी पिंडदान करतंय, कुणी बदकांना चारा टाकतंय, वर एखाद्या घरात रेडिओ चालू. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी तलावाचं पाणी गोडं, कारण त्याला खालून झरा आहे. रामाने बाण मारला आणि गंगा आली, ही कथा. इतिहासात पाहिलं तर शिलाहारांच्या काळात, ११२७ मध्ये तो बांधला गेल्याचं सांगतात. आजचं बांधकाम अठराव्या शतकातलं, १७१५ मध्ये रामा कामत यांनी केलेल्या जीर्णोद्धाराचं.

इथं कोल्हापूरकराने जरा थांबावं. शिलाहारांची तीन घराणी होती. एक उत्तर कोकणातलं, एक दक्षिण कोकणातलं आणि तिसरं आपलं, कोल्हापूरचं. पन्हाळा बांधणारा दुसरा भोज याच तिसऱ्या घराण्यातला. म्हणजे बाणगंगा आणि पन्हाळा ही चुलत भावंडांची कामं. वाळकेश्वरच्या सकाळच्या हवेत बसून हे आठवलं की तिथल्या बारीक पायऱ्याही जवळच्या वाटतात.

तलावाला एक पूर्ण फेरी घाला. पश्चिमेकडच्या बोळातून समुद्राच्या बाजूला उतरता येतं. तिकडे खडकाळ किनारा आहे, ओहोटी असेल तरच पुढे जा, शेवाळावर पाय टिकत नाही. कर्मकांड चालू असेल तिथं मोबाइल खिशात ठेवा. पितृपक्षात फार गर्दी असते, तेव्हा टाळा.

तिथून टॅक्सीने पेडर रोड, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. ते अकराच्या सुमारास उघडतं, तोवर नाष्टा उरकून घ्या. फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात गुलशन महाल नावाचा जुना बंगला आहे, आणि शेजारी नवी इमारत. २०१९ च्या जानेवारीत ते खुलं झालं, पण मुंबईतल्याही कितीतरी लोकांना ठाऊक नाही. कोल्हापूरकराने इथं दोन तास तरी काढावेत. बाबूराव पेंटरांनी कॅमेरा स्वतः घडवला, १९२० मध्ये ‘सैरंध्री’ काढला. १९२९ च्या १ जूनला प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुरातच स्थापन झाली. ‘अयोध्येचा राजा’, मराठीतला पहिला बोलपट, १९३२ चा, तोही कोल्हापूरचाच. पुढच्याच वर्षी प्रभात पुण्याला गेली. १९४२ मध्ये शांतारामबापूंनी परळमध्ये राजकमल उभा केला. मूकपटाच्या काळाची दालनं बघताना बरोबरच्या पोरांना हे सांगा. जयप्रभा स्टुडिओच्या नावाने आपल्याकडे आंदोलनं होतात, पण त्याआधीची गोष्ट पोरांना कुणी सांगत नाही.

जेवून गिरगावात उतरा. चर्नी रोड स्टेशन जवळ आहे, आरे ते कफ परेड या भुयारी मेट्रोचं गिरगाव स्टेशनही आता आहे. खोताची वाडी विचारत जा. मुख्य रस्त्यावरून आत वळलं की आवाज मागे पडतो. लाकडी जिने, रंगवलेले कठडे, उतरती कौलं, दाराशी क्रूस. हे ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाचे बंगले. पूर्वी ६५ च्या आसपास होते असं सांगतात, आता निम्मेही उरले नाहीत, आणि उंच टॉवर चारी बाजूंनी डोकावताहेत. ही वस्ती आहे, प्रदर्शन नाही. बाल्कनीत बसलेल्या आजींचा फोटो काढायचा असेल तर आधी विचारा. ‘आजी, काढू का?’ एवढं मराठीत विचारलं की बहुतेक वेळा हो येतं, आणि वाडीची दोन वाक्यंही ऐकायला मिळतात. मोठ्या घोळक्याने जाऊ नका.

तिथून जवळच केशवजी नाईकांची चाळ. १८९३ पासूनचा सार्वजनिक गणपती इथला. आजही मूर्ती छोटीच असते, पालखीतून येते. गणपती नसताना बघण्यासारखं काय, तर चाळच. मधलं अंगण, समोरासमोरच्या गॅलऱ्या, दोरीवरचे कपडे.

आणि मग खेतवाडी. ६ मे १९२२ रोजी राजर्षी शाहू महाराजांनी देह ठेवला तो मुंबईत, इथल्या पन्हाळा लॉजमध्ये. दसरा चौकातल्या पुतळ्यासमोरून रोज जाणाऱ्या आपल्यातल्या किती जणांना हे माहीत असतं? खेतवाडीत गल्ल्यांना नंबर आहेत, एका बाजूला गोदामं, दुसऱ्या बाजूला चाळी, हातगाड्या आणि हमालांची आरडाओरड. पर्यटनाची जागा म्हणून इथं काही नाही. एक चक्कर मारा, कोपऱ्यावर चहा घ्या.

चहावरून आठवलं. गिरगाव-दादरच्या जुन्या मराठी खानावळी अजून चांगल्या आहेत. साबुदाणा वडा, थालीपीठ, पियूष, डाळिंब्यांची उसळ मनापासून खा. मिसळ मात्र मागू नका. तिथली मिसळ वाईट नसते, ती दुसऱ्या गावची असते, आणि ‘कट आणा’ म्हटल्यावर वेटर ज्या नजरेने बघतो त्याने मूड जातो. तांबड्या-पांढऱ्याची आठवण परतीच्या गाडीपर्यंत आवरून धरा. त्याऐवजी इराण्याकडे जा. धोबी तलावचं कयानी १९०४ पासून आहे. ब्रून मस्का, पानी कम चाय, आणि संगमरवरी टेबलावर अर्धा तास.

तिसरा दिवस: गिरणगाव आणि चिखल

हा दिवस तिथीवर ठरतो. शिवडीला पोहोचायची वेळ भरती आणि ओहोटीच्या मधोमध हवी. पूर्ण ओहोटीला पक्षी लांब चिखलात असतात, पूर्ण भरतीला पाणी असतं आणि पक्षी नसतात. समजा एकादशी आहे. भरती सव्वा आठला, ओहोटी सव्वादोनला, तर साडेदहा ते बारा शिवडी आणि उरलेला वेळ बाकीचं. चतुर्थी असेल तर उलट करा. सकाळी संग्रहालय आणि बाराच्या सुमारास शिवडी.

शिवडी हार्बर लाइनवर आहे. स्टेशनच्या पूर्वेला बंदराकडे जाणारा रस्ता धरला की ट्रक, पिंपं, गंजलेली गोदामं आणि त्यांच्या वर टेकाडावर इंग्रजांनी १६८० मध्ये बांधलेला किल्ला. पन्हाळा बघितलेल्या माणसाला हा किल्ला म्हणजे चौकी वाटेल. खरंच चौकीच होती, पलीकडच्या खाडीवर नजर ठेवायला. वरून खारफुटी दिसते, तेलाच्या टाक्या दिसतात आणि इथूनच सुटून पलीकडे न्हावाशेव्याकडे गेलेला अटल सेतू दिसतो, जवळपास २२ किलोमीटरचा, जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला. हिवाळ्यापासून मेपर्यंत खालच्या चिखलात रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात. संख्या दरवर्षी सारखी नसते. दुर्बीण असेल तर आणा, नसेल तर गुलाबी ठिपक्यांवर समाधान मानावं लागेल.

जवळून बघायचेच असतील तर शिवडी सोडा आणि ऐरोलीला जा. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात बोटीने नेतात, वेळ भरतीप्रमाणे रोज बदलते आणि बुकिंग आधी करावं लागतं. शनिवार-रविवारच्या जागा लवकर संपतात. स्वतःच्या गाडीने कोल्हापुरातून येणाऱ्यांना हे सगळ्यात सोपं, मुंबईच्या आत शिरायलाच नको.

शिवडीवरून परळ लांब नाही. पोयबावडीला बीआयटी चाळी आहेत. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबई सुधारणेसाठी जो ट्रस्ट निघाला त्याने बांधलेल्या. चाळ क्रमांक १ मध्ये बाबासाहेब आंबेडकर वीसेक वर्षं राहिले. १९२० च्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी ज्यांना पुढारी म्हणून लोकांपुढे उभं केलं, ते तेव्हा याच दोन खोल्यांतले भाडेकरू होते. आपल्या हातकणंगले तालुक्यातलं माणगाव आणि ही चाळ, दोन्ही ठिकाणं एकाच गोष्टीची आहेत. चाळ खालूनच बघा, वर चढून लोकांच्या दारात उभं राहू नका. आजूबाजूला बंद गिरण्यांच्या जागी काचेच्या इमारती आहेत, मध्येच एखादी चिमणी उरलेली. सातारा-कोल्हापूरकडची कितीतरी घरं या गिरण्यांच्या पगारावर चालली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि गावाकडे येणाऱ्या मनीऑर्डरी थांबल्या. तुमच्या घरात कुणी गिरणीत असेल तर त्यांना बरोबर आणा. मग गाइड लागत नाही.

भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय शेवटी ठेवा. पेंग्विन बघायची गर्दी राणीच्या बागेत जाते आणि शेजारच्या या इमारतीत शुकशुकाट असतो. १८७२ मध्ये खुली झालेली, आत ओतीव लोखंडाचे खांब, निळ्या-हिरव्या-सोनेरी रंगाचं छत. मातीच्या छोट्या बाहुल्यांमधून जुन्या मुंबईतल्या जाती, धंदे, पगड्या उभ्या केल्या आहेत. नुसत्या पगड्या बघत बसलात तरी पाऊण तास जातो. बाहेर बागेत घारापुरीवरून आणलेला दगडी हत्ती आहे. त्या बेटाला परकीयांनी ज्याच्यावरून नाव दिलं तोच हा. काळा घोडा चौकातला खरा घोडाही, वर बसलेल्या इंग्लंडच्या राजासकट, याच आवारात येऊन पडला आहे.

संध्याकाळ मोकळी असेल तर वरळी कोळीवाडा. कोळीवाड्यातली वाट अरुंद आहे, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने थांबावं लागतं. सुकत घातलेल्या जाळ्यांच्या बाजूने टोकाला गेलं की वरळीचा किल्ला. आत विहीर, मारुतीचं देऊळ आणि पोरांची व्यायामाची जागा. समुद्रकिनारी, सी-लिंकसमोर जोर मारणारी पोरं बघून मोतीबाग तालमीतल्या कुणालाही बरं वाटेल. मासळीचा वास येतो, त्याला नाक मुरडू नका, ते लोकांचं घर आहे.

एकच दुपार असेल तर

बहुतेकांचं असंच असतं. मंत्रालयातलं काम एकला संपलं आणि गाडी रात्रीची, तर चर्चगेटवरून चर्नी रोड, खोताची वाडी, खेतवाडी, कयानी आणि मग सीएसएमटी. पेशंट परळला असेल आणि भेटायची वेळ संध्याकाळी असेल, तर दुपारी भाऊ दाजी लाड. तिथं बसायला सावली आहे, शांतता आहे, आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून जे डोकं जड होतं ते उतरतं. ट्रॅव्हल्सने पहाटे सायनला उतरून पुढच्या कामाला वेळ असेल, तर स्टेशनजवळच्या टेकडीवर सायनचा किल्ला आहे. इंग्रजांची हद्द इथं संपायची आणि पलीकडे पोर्तुगीजांची साष्टी सुरू व्हायची. बॅग पाठीवर टाकून वीस मिनिटांत वर जाऊन येता येतं. अंधार असेल तर मात्र उजाडायची वाट बघा.

परतीची महालक्ष्मी दादरलाही थांबते, पण संध्याकाळच्या गर्दीत तिथल्या प्लॅटफॉर्मवर सामानासकट उभं राहणं त्रासाचं आहे. म्हातारी माणसं, पोरं बरोबर असतील तर सरळ सीएसएमटीला जाऊन बसा. गाडी तिथं आधी लागते, बॅगा सीटखाली ढकलता येतात आणि खिडकी उघडून निवांत डबा सोडता येतो. तिकीट परतीचंही निघतानाच काढा. सणासुदीला आणि शाळांच्या सुट्टीत या गाडीचं वेटिंग फार लांब जातं.